तुटणारच, हे धरून बनवलेली खेळणी

घरी खेळणे बनवताना बहुतेकांना काळजी असते ती खेळणे दिसेल कसे याची. लहान मुलाच्या हातात जाणारे खेळणे तुटते कसे, हे खरे तर आधी पाहावयास हवे. सहा महिन्यांचे बाळ ते तोंडात घालणार, वर्षाचे मूल जमिनीवर आपटणार, दोन वर्षांचे मूल जो भाग निघेल तो उपटून पाहणार आणि चार वर्षांचे मूल आत काय आहे हे बघण्यासाठी ते मुद्दाम उघडणार. यात खोडसाळपणा काही नाही. त्या त्या वयाचा खेळच तो असतो. म्हणून खालील खेळणी निवडताना कसोटी एकच ठेवली आहे. खेळणे मोडल्यावर जे हाती उरेल त्याने मुलाला इजा होऊ नये आणि शक्यतो दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा नीट करता यावे. सहा महिन्यांपासून साधारण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा विचार येथे केला आहे.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे बाजारात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर, काही अपवाद वगळता, आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. त्यामागे प्रयोगशाळेत खेळणे ओढून, आपटून, दाबून पाहण्याची एक ठरलेली पद्धत आहे. घरच्या खेळण्याची अशी परीक्षा घेणारे कोणी नसते, तेव्हा ती बनवणाऱ्यानेच घ्यावयाची. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची, चार सेंटिमीटर व्यासाची आणि बोटभर लांबीची एक नळी गुंडाळून, चिकटवून कायमची घरात ठेवून द्यावी. खेळण्याचा किंवा त्याच्या सुट्या होऊ शकणाऱ्या भागाचा कोणताही तुकडा या नळीतून आरपार जात असेल, तर तो तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो असे समजावे. प्रयोगशाळेतील नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. घरी थोडे जास्त धरलेले बरे. त्यानंतर प्रत्येक जोड, प्रत्येक शिवण सात-आठ किलोची धान्याची पिशवी उचलताना लागतो तेवढ्या जोराने ओढून पाहावी, आणि खेळणे टेबलाच्या उंचीवरून चार-पाच वेळा फरशीवर टाकावे. या परीक्षेत ते मोडले तर वाईट वाटून घेऊ नये; आपल्या हातून मोडले हेच चांगले झाले. दोरीच्या बाबतीत मोजमाप आणखी सोपे आहे. लहान बाळाच्या कोणत्याही खेळण्याला एक वीतभरापेक्षा लांब दोरी, नाडी किंवा रिबीन नसावी, कारण लांब दोरी गळ्याभोवती गुंडाळली जाते.

ही सावधगिरी पुस्तकी वाटण्याची शक्यता आहे. आमच्या घरी मुलगी आठ महिन्यांची असताना एका छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत राजमा भरून खुळखुळा केला होता. झाकण गच्च फिरवलेले होते, वर चिकटपट्टीही लावली होती. आठवडाभराने पट्टी लाळेने ओली होऊन सुटली, झाकण फिरले आणि दाणे सतरंजीवर पसरले. राजमा मोजून भरलेला नव्हता, त्यामुळे गोळा केलेले दाणे म्हणजे सगळे दाणे की एखादा नाकात-कानात गेला, हे काही केल्या ठरेना. ती दुपार टॉर्च घेऊन मुलीच्या नाकपुड्या तपासण्यात गेली. कोरडे कडधान्य नाकात गेले तर ओलाव्याने फुगते आणि मग ते काढावयास डॉक्टरच लागतात, ही माहिती आम्हांला त्या दिवशी मिळाली.

तेव्हापासून खुळखुळा करावयाचा तो बांगड्यांचा. काचेच्या बांगड्या अर्थातच नकोत. मुलामा दिलेल्या, खडे लावलेल्या किंवा रंगवलेल्या स्वस्त बांगड्याही नकोत, कारण त्यांच्या रंगात व धातूत शिसे असू शकते. साध्या स्टेनलेस स्टीलच्या, गुळगुळीत, जोड नीट बुजलेल्या पाच-सहा बांगड्या घ्याव्यात. सव्वादोन मापाच्या बांगडीचा आतला व्यास साधारण पावणेसहा सेंटिमीटर भरतो, म्हणजे ती बाळाच्या तोंडात पूर्ण जाण्याचा प्रश्न नाही आणि बाळाचा हात तिच्यात अडकतही नाही. मऊ सुती कापडाची चार सेंटिमीटर रुंद व पंचवीस सेंटिमीटर लांब पट्टी घेऊन ती लांबीत दुहेरी शिवावी, उलटवून तिची नळी करावी, बांगड्या तिच्यात ओवाव्यात आणि दोन्ही टोके एकमेकांवर दोन बोटे चढवून शिवून कडे पुरे करावे. येथे साधा धावदोरा पुरत नाही. प्रत्येक टाका मागे घेऊन घातलेली हातटीप हवी आणि ती दोनदा घालावी. हे कडे बाळाच्या मुठीत बसते, हलवले की बांगड्या एकमेकींवर आपटून चांगला खणखणाट होतो, आणि शिवण उसवलीच तर खाली पडतात त्या फक्त बांगड्या. त्या गोळा करून, पट्टी धुऊन, पुन्हा शिवावयास दहा मिनिटेही लागत नाहीत.

बाळ आधाराशिवाय बसू लागले की खेळणी बनवण्यापेक्षा ती जमवणे अधिक उपयोगाचे ठरते. एलिनॉर गोल्डश्मिड (१९१०–२००९) या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी बसत्या बाळांसमोर घरगुती वस्तूंनी भरलेली बसकी टोपली ठेवण्याची पद्धत रूढ केली. आपल्या घरांत ती टोपली भरावयास काहीच अडचण नसते. लाकडी डाव, स्टीलची वाटी, लहान पळी, जाड लोकरी मोजा, नवी धुतलेली घासणी, गुळगुळीत लाकडी रवी, आणि बाहेरचे सगळे धागे काढून पॉलिश पेपरने कडा घासलेली नारळाची करवंटी एवढ्या वस्तूंनी अर्धा तास सहज जातो. यांत प्लॅस्टिक जितके कमी तितके बरे. हा नियम आरोग्याचा नव्हे. थंड स्टील, खरखरीत घासणी आणि हलके लाकूड यांतला फरक बाळाला हातानेच कळतो, तर प्लॅस्टिकच्या सगळ्या वस्तू हाताला सारख्याच लागतात. आपण शेजारी बसावे आणि काही दाखवावयास जाऊ नये. वाटी वाजवून दाखवण्याचा मोह फार होतो.

कापडाची बाहुली

चिंधीची बाहुली ही घरगुती खेळण्यांतली सर्वांत जुनी आणि माझ्या मते सर्वांत शहाणी वस्तू आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर. कापड नवे घेऊ नये. त्यात खळ असते आणि रंगही जातो. आईची किंवा आजीची वापरून मऊ पडलेली सुती साडी उत्तम. गरम पाण्यातून धुऊन, उन्हात वाळवून तिचा चाळीस सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौरस कापावा आणि कडा दुमडून शिवून घ्याव्यात, नाहीतर धागे सुटतात आणि सुटा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला जातो. डोक्यासाठी जुन्या पंचाचा किंवा टॉवेलचा एकच तुकडा घट्ट गुंडाळून लहान मोसंबीएवढा गोळा करावा. ‘एकच तुकडा’ असे म्हणण्यास कारण आहे. कापूस भरला तर दोन धुण्यांत त्याच्या गाठी होतात, थर्माकोलचे मणी भरले तर शिवण उसवताच ते घरभर आणि मुलाच्या नाकात जातात, आणि बारीक चिंध्या भरल्या तर त्या एकेक करून ओढून काढण्याचा नवाच खेळ सुरू होतो. एकच तुकडा असला की उसवल्यावर तोच तेवढा बाहेर येतो.

हा गोळा चौरसाच्या बरोबर मध्यावर ठेवून कापड खाली ओढून घ्यावे, चेहऱ्याच्या बाजूच्या सुरकुत्या मागे सारून मान आवळावी. मानेला रबरबँड लावू नये. ते वर्षभरात कुजून तुटते आणि त्याचे तुकडे थेट तोंडात जातात. त्याच साडीच्या काठाची अरुंद पट्टी मानेभोवती तीनदा फिरवावी आणि ती कापडाला चारी बाजूंनी शिवून टाकावी, म्हणजे पट्टीचे टोक मोकळे राहत नाही. आता खाली चार कोपरे लोंबत असतात. त्यांतले समोरासमोरचे दोन कोपरे उचलून प्रत्येकाला टोकाशी एक गाठ मारली की हात झाले. उरलेल्या दोन कोपऱ्यांना गाठी मारल्या तर पाय, आणि तसेच सोडले तर परकर. डोळ्यांना बटणे किंवा मणी लावणे कटाक्षाने टाळावे. काळ्या दोऱ्याच्या साखळी टाक्याने दोन डोळे आणि लाल दोऱ्याने तोंडाची एक आडवी रेघ पुरते. बाहुलीला हसू काढलेच पाहिजे असे नाही. रेघ सरळ असली की मूल रडत असताना बाहुलीही रडते आणि ते हसत असताना तीही हसते, हे आम्ही घरात अनेकदा पाहिले आहे.

बाळ वर्षाच्या आतील असेल तर ते झोपल्यावर ही बाहुली पाळण्यातून उचलून ठेवावी; झोपेत तोंडावर मऊ वस्तू येणे धोक्याचे असते. एरवी ती आठवड्यातून एकदा धुवावी. धुताना मानेची शिवण आणि चारी गाठी ओढून बघण्याची सवय ठेवली की वेगळी तपासणी करावी लागत नाही.

कणीक आणि माती

पोळ्या लाटण्याच्या वेळी ओट्याशी घुटमळणाऱ्या मुलाला कणकेचा गोळा देऊन पाटावर बसवण्याची रीत घरोघरी आहे. त्या गोळ्याची चिमणी करावयास शिकवावे. लिंबाएवढा गोळा तळहातावर लांबट वळून घ्यावा, एक टोक चिमटीत धरून निमुळते ओढले की चोच होते, दुसरे टोक अंगठ्याने चपटे करून त्यावर चमच्याच्या कडेने तीन-चार रेघा ओढल्या की शेपूट होते, आणि काडीच्या टोकाने दोन्ही बाजूंना टोचले की डोळे. डोळ्यांसाठी मिरी किंवा मोहरी लावण्याची हौस मोठ्यांनाच असते. लहान मुलाच्या चिमणीला टोचलेले डोळे चांगले दिसतात. पोळ्या झाल्यावर तवा गरम असतोच. त्यावर मंद आचेवर चिमणी सगळ्या बाजूंनी भाजून, निवल्यावर मुलाच्या हातात द्यावी. ती खाल्ली जाते, त्यामुळे ती मोडण्याचा प्रश्न उरत नाही. कच्ची कणीक मात्र खाऊ देऊ नये, ती पोटाला बरी नव्हे.

टिकणारी चित्रे करावयाची असल्यास मिठाचे पीठ करावे. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, एक चमचा तेल आणि पाऊण ते एक वाटी पाणी. पाणी थोडे थोडे घालून पुरीच्या पिठाइतके घट्ट मळावे. रंगासाठी हळद, बिटाचा रस किंवा पालक वाटून गाळलेले पाणी चालते, पण हळदीचे पीठ कपड्याला लागले तर डाग जात नाही हे आधी सांगितलेले बरे. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्यास ते आठवडाभर वापरता येते. या पिठात मीठ इतके असते की एखादा मोठा घास पोटात गेला तर लहान मुलाला अपाय होऊ शकतो. तेव्हा जे मूल अजून सर्व काही चाखून पाहते, म्हणजे साधारण तीन वर्षांखालचे, त्याच्यासाठी हे नाहीच. त्याला कणकेची चिमणीच द्यावी. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे, की मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे उन्हाळ्यात खडखडीत वाळलेली बाहुली जुलैत पाझरू लागते आणि तिचा हात गळून पडतो.

मातीला ही अडचण नाही. बेंदराला किंवा पोळ्याला मातीचे बैल करण्याची पद्धत आहे, आणि विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, ज्यात लहान मुले आपापले लाकडी किंवा मातीचे बैल सजवून मिरवतात. त्या निमित्ताने घरी माती आणलीच आहे तर ती सणापुरती ठेवू नये. माती चाळून खडे व काटक्या काढाव्यात, रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी हाताला चिकटणार नाही इतपत मळावी. बैलाचे पाय आखूड आणि जाड ठेवावेत, शिंगे लांब काढण्याच्या फंदात पडू नये, आणि बैल सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्यावा. उन्हात ठेवला तर पोटाला तडा जातो. बैल न भाजता कच्चाच ठेवणे महत्त्वाचे आहे. भाजलेला बैल फुटला की त्याची धारदार खापरी होते, कच्चा फुटला की तुकडे पाण्यात टाकावेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा माती तयार. आमच्याकडे एकाच मातीचे तीन बैल, एक हत्ती आणि एक ‘बस’ झाली. बसला पाय होते.

चेंडू आणि लगोरी

घरात खेळण्याचा चेंडू चिंध्यांचाच असावा. दोन जुने मोजे एकात एक गुंडाळून तिसऱ्या मोज्यात घालावेत, तोंड पिळून मोजा परत त्यावरच उलटवावा आणि शेवटी तोंड शिवावे. नऊ-दहा सेंटिमीटरचा चेंडू होतो. काच फुटत नाही, कोणाला लागत नाही, आणि लहान मुलाला तो पकडताही येतो, कारण तो उसळत नाही. या चेंडूने चार वर्षांच्या मुलांची लगोरी मांडता येते. खरी लगोरी सात चपट्या दगडांची असते; घरात टूथपेस्टची, औषधांची, साबणाची अशी पाच रिकामी खोकी आत कागद कोंबून, झाकणे चिकटवून घ्यावीत आणि मोठ्यावर लहान अशी रचावीत. चार पावलांवरून चेंडू मारून ती पाडावयाची. या वयात चेंडूने एकमेकांना मारून बाद करण्याचा नियम ठेवला की खेळ रडण्यावर जातो, म्हणून त्याऐवजी एकाने मोठ्याने दहापर्यंत अंक म्हणावेत आणि तेवढ्यात दुसऱ्याने लगोरी परत रचावी. अंक म्हणणारा हळूहळू वेगाने म्हणू लागतो. त्यावरून होणारे भांडण मोठ्यांनी सोडवू नये.

कागद, खळ आणि भिरभिरे

कागदकामाला बाजारातल्या डिंकापेक्षा घरची खळ चांगली. एक मोठा चमचा मैदा किंवा तांदळाचे पीठ थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे, वाटीभर पाण्यात ते घालून मंद आचेवर सतत ढवळावे. पांढरा रंग जाऊन ते पारदर्शक व दाट झाले की उतरवावे. फ्रीजमध्ये ती दोन-तीन दिवस राहते, आंबट वास आला की टाकून द्यावी. पूर्वी वह्या-पुस्तके बांधणारे खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत. जुन्या माणसांना ती कृती आठवत असेल, पण मोरचूद विषारी आहे आणि मुलांच्या खेळण्यात त्याला जागा नाही.

काठीला टाचणीने अडकवलेली कागदी भिंगरी सर्वांना माहीत आहे. तिच्यात टाचणी असते एवढ्याच कारणाने ती मी सहा वर्षांखालील मुलांसाठी करीत नाही. तिच्याऐवजी वरून खाली गरगरत येणारे, टाचणी नसलेले भिरभिरे करावे. ए-फोर कागदाच्या रुंदीइतकी, म्हणजे एकवीस सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी. एका टोकापासून मधोमध नऊ सेंटिमीटरपर्यंत उभा काप द्यावा. हे दोन पंख. या कापाच्या सुमारे दोन सेंटिमीटर खाली डाव्या व उजव्या कडेने आडवा, पट्टीच्या एक-तृतीयांश रुंदीचा काप द्यावा आणि खालच्या भागाच्या दोन्ही बाजू आत दुमडून तिहेरी दांडी करावी. दांडीचे टोक वर दोनदा दुमडावे, त्याने खाली वजन येते. आता एक पंख पुढे आणि एक मागे वाकवून भिरभिरे गॅलरीतून किंवा खुर्चीवर उभे राहून सोडावे. हवा दोन्ही पंखांना विरुद्ध दिशांनी ढकलते, म्हणून ते फिरू लागते. पाच वर्षांच्या मुलाला हे सांगत बसू नये. पंख उलट बाजूंना वाकवून पुन्हा सोडावयास सांगावे आणि ‘आता कुठल्या बाजूला फिरलं?’ एवढेच विचारावे. ते मोडले म्हणजे चुरगळले, आणि कागदाच्या दुसऱ्या पट्टीला खर्च नाही.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलेले आणि २०१८ साली पद्मश्री मिळालेले अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून केलेली वैज्ञानिक खेळणी अनेकांना परिचयाची आहेत. ती उत्तमच आहेत, पण बरीचशी शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आहेत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे जोडून होणारे आकार मोठ्या भावंडासाठी करावेत आणि धाकट्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत, कारण व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा वर सांगितलेल्या नळीतून सरळ खाली पडतो. जुन्या वाजणाऱ्या भेटकार्डातली किंवा बिघडलेल्या खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी आणि लहान चुंबके तर कोणत्याच घरगुती खेळण्यात वापरू नयेत. अशी बॅटरी गिळली गेल्यास ती दोन तासांतही अन्ननलिकेला भाजू शकते. शंका जरी आली तरी घरी उपाय न करता तत्काळ रुग्णालयात जावे.

बियांचे खेळ

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण भागात बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या आदिवासी वस्त्यांपर्यंत नेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती, म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले अशा भोवतालच्या वस्तूंतून त्यांनी साधने घडवली. बिया वेगळ्या करण्याचा खेळ आजही तितकाच चालतो. तीन वर्षांवरील मुलाला अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणि चिंचोके, सीताफळाच्या बिया, वाल व सागरगोटे यांची सरमिसळ द्यावी आणि एकेका खळग्यात एकेक जात टाकावयास सांगावे. बिया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. कारण वर राजम्याच्या खुळखुळ्यात आलेच आहे.

रानातल्या सगळ्याच बिया मात्र खेळाच्या नव्हेत. लाल-काळी गुंज दिसावयास सुरेख, पण ती चावली गेली तर जिवावर बेतते. एरंडी तशीच. बिट्ट्या म्हणून ज्या पिवळ्या कण्हेरीच्या बियांनी पूर्वीच्या मुली खेळत, त्याही विषारी आहेत, आणि मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलांनी खाल्ल्याच्या व त्यांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येत असतात. सीताफळाची बीही चावून खावयाची नसते, म्हणून ज्या मुलाला चावण्याची सवय आहे त्याच्या ट्रेमध्ये ती घालू नये.

पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी चिंचोक्यांचा पट करावा. चार मोठे, निरोगी चिंचोके निवडून ते खरबरीत दगडावर एका बाजूने घासावेत. आधी तपकिरी साल जाते, मग पांढरा गर दिसतो, आणि अर्धा चिंचोका झिजला की एक बाजू सपाट पांढरी व दुसरी फुगीर तपकिरी राहते. हे काम मुलानेच करावे. घासलेला चिंचोका चांगला तापतो आणि तो शेजाऱ्याच्या दंडाला हळूच लावून चटका देण्याची विद्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही.

पाटावर किंवा फरशीवर खडूने पाच आडवी व पाच उभी अशी पंचवीस घरे आखावीत. चारी कडांच्या मधल्या घरांत आणि बरोबर मध्यावरच्या घरात फुली काढावी. या पटाला कुठे चल्लस-आठ म्हणतात, कुठे अष्टचंग. चिंचोके उधळून जितके पांढरे वर येतील तितकी घरे पुढे जावयाचे, आणि चारही तपकिरी पडले तर आठ. पूर्ण खेळात प्रत्येकाच्या चार सोंगट्या असतात. त्या आपल्या कडेच्या फुलीवरून निघून बाहेरची सोळा घरे एका दिशेने फिरतात, मग आतली आठ घरे उलट दिशेने फिरून मधल्या घरात पोहोचतात, आणि वाटेत फुली नसलेल्या घरात दुसऱ्याची सोंगटी सापडली तर ती मारली जाते. पहिल्या आठवड्यात यातले काही सांगू नये. प्रत्येकी एकच सोंगटी, फक्त बाहेरची सोळा घरे आणि मारामारी नाही, एवढ्यावर खेळावे. दुसऱ्या आठवड्यात आतली घरे उघडावीत. सोंगटी मारण्याचा नियम मूल स्वतः ‘मी तुझ्या घरात आलो तर काय?’ असे विचारील त्या दिवशी सांगावा. चिंचोका हरवला तर नवा घासावा. चारही सारख्या आकाराचे असण्याची गरज नाही, मात्र फारच गोल चिंचोका नेहमी एकाच बाजूवर पडतो, तो बदलावा.

या सगळ्यासाठी बुटांचे एखादे रिकामे खोके वेगळे ठेवावे आणि त्यात सुई-दोरा, जुन्या साडीचा उरलेला तुकडा, पॉलिश पेपर, बोथट कात्री आणि ती पुठ्ठ्याची नळी असावी. मोडलेले खेळणे मुलाने त्या खोक्यात आणून टाकावयाचे आणि रविवारी बसून त्याच्यासमोर दुरुस्त करावयाचे. दोन रविवार ज्याला कोणी विचारले नाही ते खेळणे उसवून त्याचे कापड किंवा बांगड्या दुसऱ्या कामाला घ्याव्यात. बाहुली मात्र मुलाला विचारल्याशिवाय उसवू नये.